तासगाव येईपर्यंत

सुमनताईंनी पिशवीतून पट्टा काढला आणि मगदूम सरांच्या टेबलावर ठेवला. रुंद, निळ्या कापडाचा, आतून मऊ अस्तर लावलेला, पुढे बकल.

"पुण्याहून आणलाय," त्या म्हणाल्या. "चांगल्यातला आहे. काचत नाही."

मगदूम सर 'निवांत'चे व्यवस्थापक. तासगावच्या बाहेर, द्राक्षबागांच्या मधोमध असलेलं ते वृद्धनिवास त्यांनी बरीच वर्षं सांभाळलं होतं. त्यांनी पट्ट्याला हात लावला नाही, नुसतं बघितलं.

"हा खुर्चीला बांधायचा. बापू खुर्चीत असले की बांधलेलाच हवा. शेजारी कुणी असल्याशिवाय सोडायचा नाही."

बापू म्हणजे त्यांचे वडील, रामचंद्र खराडे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्या क्षणी ते बाहेर व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले होते. भुवईवर टाक्यांची पट्टी होती. शेजारच्या गोसावी आजी त्यांची उलटतपासणी घेत होत्या आणि ते आत स्पष्ट ऐकू येत होतं.

"पडलासा कसं पर?"

"खड्डा हुता."

"फरशीत कुठला खड्डा आला?"

"रस्त्याला असतोय तसलाच."

सुमनताईंना हसू आलं नाही. त्या माझ्याकडे वळल्या.

"मॅडम, तुमचा अभ्यास चालू दे. पण माझ्या वडिलांवर नको."

मी मिरजेच्या एका कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवत होते. म्हातारी माणसं कधी पडतात, कशामुळे पडतात, आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना काय शिकवलं तर हे पडणं कमी होईल, हा माझ्या संशोधनाचा विषय होता. त्यासाठी मी सांगलीहून एसटीनं 'निवांत'ला येत असे. तेव्हा नुकतीच सुरुवात झाली होती. माझ्याकडे प्रश्न होते, उत्तरं नव्हती, आणि हे सुमनताईंना चांगलं दिसत होतं.

"पट्टा बांधला की पडणार नाहीत, हे खरं आहे," मी म्हणाले. "पण बसून बसून पायातली ताकद जाते. या वयात फार लवकर जाते, आणि गेलेली सहसा परत येत नाही. मग खुर्चीतून उठवायलाही दोन माणसं लागतील."

"डोकं फुटण्यापेक्षा बरं."

"आणि त्यांचं संध्याकाळी फाटकापर्यंत जाणं?"

बापू रोज संध्याकाळी काठी घेऊन, कुणालातरी सोबत घेऊन, फाटकापर्यंत चालत जायचे. समोरच्या रस्त्यानं सांगलीची गाडी जायची. ड्रायव्हर हॉर्न द्यायचा, बापू हात करायचे आणि परत यायचे. दिवसभरात त्यांनी स्वतःहून मागितलेली गोष्ट तेवढीच होती.

"ते मला सांगू नका," सुमनताई हळू आवाजात म्हणाल्या. "लहानपणी मी उभी असायचे दारात, त्यांची गाडी यायची वाट बघत." मग पिशवीची चेन लावत म्हणाल्या, "ठीक आहे. मी पुढच्या महिन्यात येईन. तोपर्यंत पुन्हा पडले तर मात्र पट्टा. मग वाद नको."

पट्टा टेबलावर तसाच राहिला. मगदूम सरांनी तो कपाटात ठेवला, पण कुलूप लावलं नाही.

बापू एकटेच पडत होते असं नाही. "जेवायच्या टायमालाच पडत्यात," शेवंता मला पहिल्याच दिवशी म्हणाली होती. शेवंता कांबळे तिथल्या सगळ्या सेविकांची म्होरकी. उंच, धिप्पाड, आवाज फाटकापर्यंत जाणारा. "दिसभर नीट असत्यात. ताट वाढलं की एकेक गडगडतंय."

कारण शोधायला फार अवघड नव्हतं. जेवणाआधी सगळे व्हरांड्यात आरामखुर्च्यांवर पाय वर करून पडलेले असायचे. घंटा झाली की सेविका येऊन एकेकाला काखेत हात घालून झटक्यात उभं करायच्या. मी आडव्या माणसाचा रक्तदाब मोजला, मग उभं राहिल्यावर मोजला. बऱ्याच जणांचा चांगलाच खाली येत होता. बापूंचा सगळ्यांत जास्त. त्यांच्या डॉक्टरांशी बोलून रक्तदाबाच्या गोळीची वेळ बदलून घेतली. उरलेलं काम सेविकांचं होतं.

शिकवायला मी फळा घेतला नाही. शेवंतालाच आरामखुर्चीत झोपवलं, डोळे मिटायला सांगितले, आणि तिच्याच एका मैत्रिणीला म्हटलं, "रोज आजींना उठवतेस तशी हिला उठव."

मैत्रिणीनं उठवलं.

"अगं ए! खांदा उपटतीस का माझा?" शेवंता ओरडली. "जरा सांगून तरी उठवायचं!"

सगळ्या हसल्या, मग एकदम हसायच्या थांबल्या. शेवंता खांदा चोळत खुर्चीच्या काठावर बसून राहिली.

"पाय वर असले की रक्त सगळीकडे सारखं पसरलेलं असतं," मी म्हणाले. "एकदम उभं राहिलं की ते खाली पायात उतरतं. ते परत वर ढकलायला तरुण शरीराला वेळ लागत नाही. म्हाताऱ्या शरीराला लागतो. तेवढ्या वेळात डोक्याला रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो."

"म्हंजे टाकीचं पाणी," शेवंता म्हणाली. "वरच्या मजल्याला उशिरा चढतंय."

"तसंच. म्हणून आधी खुर्चीच्या काठावर सरकायचं, पाय खाली टेकवायचे, घोटे हलवायचे, थोडं थांबायचं. मगच उठायचं."

"थोडं म्हंजे किती?"

"मिनिटभर तरी."

"आन् घड्याळाकडं बघू का माणसाकडं? माझ्या एका हातात काठी आसती, दुसऱ्यात त्यांचा चष्मा."

तिचं म्हणणं रास्त होतं. मग ठरलं, की उठायच्या आधी प्रत्येकानं आपल्याला पाठ असलेलं काहीतरी सावकाश म्हणायचं. गोसावी आजींनी नातवंडांची नावं निवडली. त्यांना नातवंडं भरपूर होती, आणि मधलं एखादं विसरलं की त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या, त्यामुळे त्यांची मला काळजी उरली नाही. बापूंना विचारावं लागलंच नाही.

"सांगली," त्यांनी खुर्चीच्या काठावर बसून सुरुवात केली. "माधवनगर. बुधगाव. कवलापूर. कुमठे फाटा... कुमठे फाटा हाय का कुनी?" मग थांबून मागं बघितलं, जणू कुणी खरंच उतरणार होतं. "कवठे एकंद. तासगाव. चला, तासगाव आलं."

आणि ते शेवंताच्या हाताला धरून उठले. डुलले नाहीत.

"बापू, तुमची गाडी लई हळू चालतीया," शेवंता म्हणाली. "आमटी गार हुतीया."

"लालडबा हाय बाई. इमान न्हाई."

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. घंटा व्हायच्या आधीच सेविका आरडाओरडा न करता खुर्च्यांशेजारी वाकून उभ्या राहायच्या आणि व्हरांडाभर नातवंडं, पाढे, गावांची नावं अशी कुजबुज चालायची. कुणी पडलं नाही. मगदूम सर मला चहा पाठवू लागले.

मग एका दुपारी मी आत होते. बाहेर जेवणाची घंटा झाली, खुर्ची करकरली आणि शेवंताचा आवाज आला. धावत गेले तर बापू आणि शेवंता दोघंही फरशीवर. ती बाजूच्या खुर्चीकडून झेपावली होती, आणि ते तिच्या अंगावर पडले म्हणून वाचले. गुडघा खरचटला होता, एवढंच.

"शेवंता," बापू पडल्या पडल्या म्हणाले, "गर्दीत असं अंगावर येऊ न्हाई."

तिला हसू आलं आणि रडूही आलं. "मी येतच हुते की वो बापू तुमच्याकडं! थांबायचं की जरा! बुधगाव तरी म्हनायचं!"

मगदूम सर आत गेले आणि पट्टा घेऊन आले. बापूंनी दोन्ही हात वर केले, लहान मुलाला अंगरखा घालताना ते करतं तसे, आणि शेवंतानं बकल लावलं. तिनं ते दोनदा सैल केलं.

त्या संध्याकाळी सांगलीची गाडी गेली. हॉर्न वाजला. बापू व्हरांड्यातून त्या दिशेला बघत होते, पण त्यांनी हात केला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले.

"बापू, काल का उठलात?"

"उठलो न्हाई, मॅडम."

"उठलात. म्हणून पडलात."

त्यांनी विचार केला. माणूस खोटं बोलत नव्हता. "हुबा हुतो एवढं कळलं. उठलो कवा ते न्हाई कळलं. चालत्या गाडीत जन्म गेला माझा. कधी पडलो न्हाई. आन् आता थांबलेल्या घरात पडतोय."

त्यांना रक्तदाबाबद्दल मी सांगितलेलं सगळं समजलं होतं. थांबे पाठ होते. घाईचा माणूस नव्हता, जेवणाची ओढही विशेष नव्हती. मी त्यांच्याकडे बघत बसले. स्वयंपाकघरातून आचारी महादू हात पुसत बाहेर आला, त्यानं जेवणघराच्या दाराशी टांगलेल्या घंटेची दोरी ओढली. टण, टण. रोजच्यासारखी.

बापूंच्या पोटावरचा पट्टा ताणला गेला. त्यांचा उजवा हात वर गेला, डोक्याच्याही वर, आणि बोटं कशाभोवती तरी मिटली. तिथे काहीच नव्हतं. मग हात खाली आला आणि त्यांनी ओशाळून कान खाजवला.

मला ते दिसलं, पण कळलं नाही.

कळलं ते परतीच्या गाडीत. कंडक्टर एक तरुण मुलगी होती, खांद्याला चामडी पिशवी, नव्या नोकरीचा कडक गणवेश. कवठे एकंदला बरीच माणसं चढली. ती आपल्या जागेवर बसून दाराकडे बघत होती. शेवटचा माणूस आत आला तशी तिनं दोरी ओढली. टण, टण. दुसरा ठोका पडेपर्यंत ती उभी होती आणि तिचा हात वरच्या दांडीवर होता.

मी जागेवरून जवळजवळ ओरडलेच, "अहो, तुम्ही बेल देता आणि लगेच उठता?"

तिनं माझ्याकडे नीट बघून घेतलं. "मग? बसून कशी तिकिटं द्यायची?"

"आणि एकच बेल दिली तर?"

"थांबायचं." मग जरा नरमाईनं, "काकू, तुम्हाला कुठं उतरायचंय?"

"सांगली," मी म्हणाले. पण मला खरं तर तिथंच उतरून मागं जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मगदूम सरांना आणि शेवंताला व्हरांड्यात उभं केलं. बापू पट्ट्यात होते. त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. मी महादूला एकदाच घंटा वाजवायला लावली.

टण.

बापू खुर्चीत आणखी मागं रेलले आणि मान वळवून म्हणाले, "कोन उतरतंय?"

मग महादूनं दोनदा वाजवली. पट्टा ताणला. हात वर गेला.

मग गोसावी आजींनी कपाळाला हात लावला. "अगं बाई! ह्यांची गाडी अजून चालूच हाय की!"

मी बापूंना समजावून सांगितलं. तिकडे दोन ठोके पडले, की इकडे त्यांचं शरीर त्यांना न विचारताच उठत होतं, थांबे आठवायच्या आधी, शेवंता पोचायच्या आधी. त्यांनी ते लक्ष देऊन ऐकलं, स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं आणि मग ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. "रिटायर झालोय म्हनून ह्यास्नी कुनी सांगितलंच न्हाई," ते पायांवर हात मारत म्हणाले.

"मग घंटाच बंद करू," मगदूम सर म्हणाले. "प्रश्न मिटला."

"घंटा बंद नगा करू, सायेब," बापू म्हणाले. "पर ती महादूच्या हातात कशी? त्यो ड्रायव्हर. चुलीम्होरं बसनार. बेल मागनं द्यायची आसती. समदी मानसं बसली का बघून."

मगदूम सरांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. ज्या घंटेनं हा माणूस पडतो ती त्याच्याच हातात द्यायची, हे कागदावर कुठल्याही समितीला पटलं नसतं. मलाही खात्री नव्हती. पण एवढं कळत होतं, की त्यांचं उठणं मोडता येणार नाही. घंटा मात्र उशिरा वाजवता येईल.

सुमनताई रविवारी आल्या. पडल्याचं त्यांना फोनवर कळवलेलं होतं. त्या सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, आपलं ठरलं होतं."

"हो. पट्टा तुमचाच आहे. फक्त आजचं जेवण बघा. मग तुम्ही म्हणाल तसं."

"आणि पडले तर?"

"शेवंता असेल. मी असेन. तुम्हीही उभ्या राहा ना जवळ."

त्यांनी पट्टा स्वतः सोडला आणि हातात धरून ठेवला. आम्ही बापूंची खुर्ची घंटेखाली सरकवली. पण दोरी महादूच्या उंचीच्या मापाची होती. बापूंनी बसल्या जागेवरून हात लांबवला, पोचेना, तसे ते कंबर उचलायला लागले.

"बापू, बसा!" सुमनताई ओरडल्या.

"दोरी आखूड हाय गं."

शेवंता सुतळी आणायला वळली. महादूनं कमरेचा पंचा पुढे केला. सुमनताई वर दोरीकडे बघत होत्या, मग हातातल्या पट्ट्याकडे बघितलं. त्या स्टुलावर चढल्या, पट्ट्याचं एक टोक दोरीला गाठ मारून बांधलं, बकलाचं टोक खाली सोडलं. ते बापूंच्या मुठीत बरोबर आलं.

"काचतंय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," बापू म्हणाले. "चांगल्यातला हाय."

त्यांनी एकदा ओढलं. टण.

"पाय खाली घ्या," ते म्हणाले. आवाज मी याआधी ऐकलेल्या बापूंचा नव्हता. भरलेल्या गाडीच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा होता. "फुडं सरका. कुनी उठायचं न्हाई."

व्हरांडाभर माणसं खुर्च्यांच्या काठाशी सरकली. सेविका आपापल्या जागी आल्या. नातवंडांची नावं सुरू झाली, पाढे सुरू झाले. बापू एकेकाकडे बघत होते आणि ओठांतल्या ओठांत चालू होतं, सांगली, माधवनगर. माझ्या शेजारून आणखी एक आवाज आला. सुमनताई त्यांच्याबरोबर म्हणत होत्या, एकही थांबा न चुकता.

"ओ आजी," बापू मधेच म्हणाले, "गाडी थांबू द्या की."

अर्धवट उठलेल्या गोसावी आजी खाली बसल्या. "कंडक्टरच्या हातात घंटा दिली, आता काय आमचं खरं न्हाई."

कुमठे फाटा. कवठे एकंद. मी बापूंच्या पायांकडे बघत होते. तळवे फरशीवर टेकलेले, घोटे हलत होते. तासगाव.

टण, टण.

ते उठले. गुडघे थरथरले, तेवढ्यात उजवा हात वर गेला, रोजच्यासारखा हवेत, आणि शेवंतानं आपला हात नेमका तिथे धरला. त्यांची बोटं त्याभोवती मिटली. गुडघे स्थिर झाले. मी त्यांच्या चेहऱ्याचा रंग बघितला. तो गेला नव्हता.

"चला, फुडं चला," ते शेवंताला म्हणाले. "दारात गर्दी करू नगा."

सगळे जेवायला गेले. सुमनताई बापूंच्या रिकाम्या खुर्चीत बसल्या. बकल डोक्यावर हळूहळू हलत होतं. त्या ते थांबेपर्यंत बघत राहिल्या.

"मी चारच्या गाडीनं जाणार होते," त्या म्हणाल्या. "पण आता रात्रीच्या गाडीनं जाईन. संध्याकाळी फाटकापर्यंत मीच जाते त्यांच्याबरोबर."

"मग पोचायला उशीर होईल ना तुम्हाला?"

"होऊ दे," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या.

संध्याकाळी दोघं हळूहळू फाटकाकडे गेली. हॉर्न वाजला. दोघांचेही हात वर गेलेले मला लांबून दिसले.

त्यानंतर मी पुष्कळ ठिकाणी शिकवायला गेले. कुठे घंटा असते, कुठे टीव्हीवरच्या बातम्यांचं संगीत, कुठे नुसता भांड्यांचा आवाज. सेविका वही उघडून बसतात आणि विचारतात, मॅडम, पहिलं काय लिहू? मी सांगते, रक्तदाब नंतर. आधी हे बघा, की पडायच्या आधी त्या माणसाला काय ऐकू आलं होतं, आणि आयुष्यभर ते ऐकल्यावर तो काय करत होता. मग बापूंची गोष्ट सांगते, आणि एखादीला काही आठवतं, ती हात वर करते.

बापू पुढे बरीच वर्षं होते. गेले ते अंथरुणात, झोपेत. 'निवांत'मध्ये घंटा अजून आधी एकदा आणि मग दोनदा होते. पट्ट्याचा निळा रंग मात्र विटलाय. एवढ्यात मी तिथे गेले होते तेव्हा घंटा वाजवण्यावरून दोन आजोबांची भांडणं चालली होती आणि शेवंता, आता स्वतःचेच केस पिकलेली, त्यांना पाळीपाळीनं देत होती.

आता मलाही रक्तदाबाची गोळी आहे. सकाळी जाग आली की मी आधी पलंगाच्या काठाशी सरकते, पाय खाली टेकवते. सून चहा घेऊन दारात आलेली असते.

"आई, उठताय ना? काय पुटपुटताय?"

"आले," मी म्हणते. "कवठे एकंद गेलं. तासगाव येऊ दे."